आवडलेल्या पुस्तकाचे तारे मोजताना

मला पत्र लिहिणाऱ्या या वाचक सात वर्षांपासून डब्लिनमध्ये राहतात. घराजवळच्या सार्वजनिक वाचनालयात महिन्यातून एकदा वाचनगट जमतो. निम्मीअधिक मंडळी आयरिश, बाकीची त्यांच्यासारखी बाहेरून येऊन तिथे रुजलेली. पुढच्या बैठकीचं पुस्तक ठरवायची पाळी त्यांची होती. त्यांनी केल्टिक, म्हणजे आयर्लंड-वेल्सकडच्या, पुराणकथांवर बेतलेली, मोठ्यांसाठी लिहिलेली एक फँटसी कादंबरी सुचवली. स्वतः ती झपाटल्यासारखी वाचली होती, शिवाय ‘या देशाच्या गोष्टींवर या देशातल्या माणसांशी बोलता येईल’ असंही मनात होतं. नाव कळवून झाल्यावर त्यांनी नेटवर वाचकांची मतं चाळली. कुणी पाच तारे देऊन डोक्यावर घेतलेली, कुणी एका ताऱ्यात निकालात काढलेली. ‘नुसता शृंगार, कथानक नावाला’, ‘नायिका बावळट’, ‘पहिली दीडशे पानं सरता सरत नाहीत’, ‘नावं वाचताना जीभ अडखळते’. सगळ्यांत झोंबलं ते एका आयरिश वाचकाचं मत : ‘या आमच्या पुराणकथा नव्हेत. परक्या लेखिकेनं आमच्या देवतांच्या बाहुल्या केल्यात.’ गटातल्या एका ज्येष्ठ आयरिश बाईंनी नेमकं तेच मत, स्वतःचा एकही शब्द न लिहिता, सगळ्यांना पाठवलं. तेव्हापासून पुस्तक आपल्याला आवडलं याचीच या वाचकांना लाज वाटू लागली आहे. पुस्तक मागे घ्यावं का, परक्यांच्या पुराणकथांवर बोलायचा आपल्याला काय अधिकार, आणि चौदा वर्षांची मुलगी तीच कादंबरी मागतेय तिला काय सांगावं, असे तीन प्रश्न त्यांनी विचारले आहेत. कादंबरीचं नाव त्यांनी कळवलं आहे, पण इथे देत नाही. त्यांचा गट ओळखू येईल, आणि पुढचं बरंचसं या जातीच्या अनेक पुस्तकांना लागू पडेल.

तुमचं पत्र वाचताना एक गोष्ट आधी डोळ्यांत भरली. कादंबरीबद्दल तुम्ही चार ओळी लिहिल्या आहेत आणि तिच्यावरच्या मतांबद्दल दोन पानं. पण त्या चार ओळी फार नेमक्या आहेत. ‘कावळीचं रूप घेणारी ती देवता नदीच्या उतारावर, पाणी पायी ओलांडायच्या जागी, नायकाला भेटते, तो प्रसंग वाचून मी पुस्तक मिटून बसून राहिले,’ असं तुम्ही लिहिलंय. कुठला प्रसंग, कुठली जागा, आणि तुमचं काय झालं, हे तिन्ही त्यात आलं. दोन पानांत तुम्ही उतरवलेल्या मतांपैकी एकातही असं बोट ठेवून दाखवलेलं काही नाही. म्हणजे सगळ्या ढिगाऱ्यात त्यातल्या त्यात बरं मत तुमचंच आहे, आणि तुम्ही मात्र ते मोडीत काढायला निघालात.

आधी आकड्यांचं बोलू, कारण ते लवकर आटपतं. ‘सरासरी ३.७ आहे, म्हणजे बेताचंच असणार ना?’ असं तुम्ही विचारलंय. गुडरीड्स या वाचकांच्या मतांच्या संकेतस्थळावर दोन ताऱ्यांचा अर्थ ‘ठीक होतं’, तीन म्हणजे ‘आवडलं’, चार म्हणजे ‘फार आवडलं’ असा दिलेला आहे. त्या हिशेबानं ३.७ म्हणजे आवडलं आणि फार आवडलं यांच्या मधलं. पण तारे देणाऱ्या कितीतरी जणांच्या हे गावीही नसतं. ते शाळेतल्या गुणांसारखे तारे देतात आणि तीन देताना नाक मुरडत असतात. दोन वेगळ्या मापांनी मोजलेलं एकाच भांड्यात ओतलं की सरासरीला काय अर्थ उरणार? त्यात खोटेपणाही असतो. डिसेंबर २०२३ मध्ये पहिलीच फँटसी कादंबरी प्रसिद्ध होण्याच्या वाटेवर असलेली एक लेखिका खोटी खाती उघडून इतर नवोदितांच्या पुस्तकांना एकेक तारा देताना पकडली गेली. प्रकाशकानं तिचं पुस्तकच रद्द केलं. सगळेच असं करतात असं नाही. पण ज्या आकड्यापायी तुमची झोप उडाली आहे, तो इतका ठिसूळ आहे.

मतांचं तसं नाही, ती वाचावीत. फक्त बोलणारा कशाबद्दल बोलतोय ते आधी ओळखावं. ‘नुसता शृंगार’ म्हणणारा आणि ‘प्रेमकथा फारच थोडी’ म्हणणारा (तुम्ही दोन्ही उतरवून पाठवलीत, म्हणून गंमत वाटली) हे दोघेही पुस्तकापेक्षा मुखपृष्ठाशी भांडताहेत. एकाला लढायांचं महाकाव्य हवं होतं, दुसऱ्याला प्रणयकथा. प्रकाशकानं दोघांनाही गळ टाकला आणि दोघंही लागले. ‘पहिली दीडशे पानं रटाळ’ हे बहुधा खरं असेल. नवं जग उभं करायचं म्हटलं की हे लेखक वंशावळीतच अडकतात. पण तुम्ही ती पानं पार केलीत, तेव्हा तो मुद्दा तुमच्यापुरता संपला. नायिका बावळट आहे की नाही यावर गटात अर्धा तास मजेत जाईल. ते राहू द्या.

खरा प्रश्न त्या आयरिश वाचकाच्या मताचा आहे. त्याचे दोन भाग करावे लागतील. एका भागाशी मी भांडणार आहे आणि दुसऱ्यापुढे मान तुकवणार आहे.

‘या आमच्या पुराणकथा नव्हेत’ असं म्हणताना एक गोष्ट गृहीत धरलेली असते : की कुठेतरी एक मूळ, शुद्ध संहिता आहे आणि कादंबरी तिच्यापासून घसरली. तुम्हीही ते गृहीत धरलंय. आयर्लंडच्या ज्या वीरकथेवरून तुमच्या कादंबरीतला नायक उचलला आहे, ती ‘टॉइन बो कूल्न्या’, म्हणजे कूल्न्याच्या बैलासाठी झालेली स्वारी. कॉनाख्टची राणी मेव आणि तिचा नवरा अलिल अंथरुणात पडल्या पडल्या कुणाची संपत्ती जास्त यावर वाद घालतात. सगळं तोडीस तोड निघतं, फक्त नवऱ्याकडे एक पांढऱ्या शिंगांचा बैल जास्त असतो. त्या तोडीचा बैल शेजारच्या अल्स्टर राज्यात आहे असं कळतं आणि राणी सैन्य घेऊन निघते. अल्स्टरचे पुरुष एका शापामुळे नेमके त्याच वेळी बाळंतकळांनी विव्हळत पडलेले असतात, म्हणून सतरा वर्षांचा कू खुलिन एकटा सीमा राखतो. तर, ही कथा आपल्यापर्यंत आली ती ख्रिस्ती मठांतून. तिचा एक पाठ ‘बुक ऑफ द डन काउ’ या सन ११०० च्या आसपासच्या हस्तलिखितात आहे. हे हस्तलिखित तुमच्या डब्लिनमध्ये, डॉसन स्ट्रीटवरच्या रॉयल आयरिश अकॅडमीत आहे. दुसरा पाठ बाराव्या शतकातल्या ‘बुक ऑफ लेन्स्टर’मध्ये, तोही तिथून हाकेच्या अंतरावर, ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रंथालयात. आणि हे दोन पाठ एकसारखे नाहीत. अंथरुणातला तो वादच पहिल्या पाठात नाही, तो दुसऱ्यात आहे.

दुसऱ्या पाठाच्या शेवटी जे लिहून ठेवलंय ते तुमच्या गटात मोठ्यानं वाचून दाखवावं असं आहे. कथा संपते. मग आयरिश भाषेत एक आशीर्वाद येतो : जो कोणी ही टॉइन इथे आहे तशीच, इमानानं पाठ करील आणि तिला दुसरं रूप देणार नाही, त्याचं कल्याण असो. त्याच्या लगेच खाली, लॅटिनमध्ये, लिहिणारा म्हणतो की ही कथा, किंवा खरं तर हे कल्पित, मी लिहून काढलं असलं तरी यातल्या कित्येक गोष्टींवर माझा विश्वास नाही. काही सैतानी फसवणूक आहे, काही कवींच्या कल्पना. काही घडण्याजोगं, काही न घडण्याजोगं. आणि काही तर मूर्खांच्या करमणुकीसाठी आहे.

बघा, साडेआठशे वर्षांपूर्वीच्या एकाच पानावर पाच तारे आणि एक तारा. ‘एक अक्षर बदललंत तर खबरदार’ म्हणणारा भक्त आणि ‘काय हा पोरखेळ’ म्हणणारा टीकाकार, दोघंही तिथे हजर आहेत. तुम्ही नेटवर जे वाचून हबकलात ते या कथेच्या पाठीशी पहिल्यापासून लागलेलं आहे. ट्रिनिटीच्या त्या हस्तलिखिताची छायाचित्रं ऑनलाइन पाहता येतात. बैठकीत फोनवर उघडून फिरवा.

आता तुम्हाला भावलेला तो उताराचा प्रसंग. ‘मॉरिगन ही युद्धदेवता, तिला प्रेमात पडलेली बाई करून टाकलं’ असा आक्षेप आहे ना? पहिल्या, जुन्या पाठात ती कू खुलिनकडे राजकन्या म्हणून येते. तुझी कीर्ती ऐकून आले, माझं धन आणि गुरं घेऊन आले, असं म्हणते. तो तिला फार उद्धटपणे झिडकारतो. मग ती बजावते की तू लढत असशील तेव्हा तुझ्या पायात येईन. आणि येते. उतारावरच्या पाण्यात ईल मासा होऊन पायांना विळखा घालते, तो तिच्या बरगड्या मोडतो. लांडगी होऊन येते, तो डोळा फोडतो. बिनशिंगी तांबडी कालवड होऊन येते, तो पाय मोडतो. पुढे दमूनभागून तहानलेल्या त्याला एक म्हातारी तीन सडांची गाय पिळताना दिसते. तो दूध मागतो. तीनदा ती दूध देते, तीनदा तो तिला दुवा देतो, आणि दर दुव्यागणिक तिची एकेक जखम भरून येते. म्हातारी तीच असते. दुसऱ्या पाठात राजकन्येचं येणं नाहीच, मॉरिगन थेट त्याचा नाश करायलाच येते. म्हणजे तुमच्या लेखिकेनं एक पाठ उचलला आणि आक्षेप घेणाऱ्याच्या मनात दुसरा आहे. मला विचाराल तर कादंबरीतला प्रसंग जुन्यापेक्षा फिका असणार. दुधाच्या त्या प्रसंगाची सर कशाला यायची? पण फिका असणं वेगळं आणि खोटा असणं वेगळं.

‘मोठ्यांसाठी’ या शिक्क्याचंही तसंच. पवित्र पुराणकथेत शृंगार घुसडला अशी तक्रार करणाऱ्यांनी मूळ टॉइन बहुधा वाचलेली नसते. त्यात मेव बैलाच्या मालकाला बैल उसना मागते तेव्हा जमीन आणि रथाच्या जोडीला स्वतःच्या मांड्यांची मैत्रीही देऊ करते, इतक्या उघड भाषेत. युद्धाच्या ऐन शेवटी तिची पाळी सुरू होते. कू खुलिनच्या हाती ती सापडलेली असते, तरी तो तिला मारत नाही. लेडी ग्रेगरी या आयरिश लेखिकेनं १९०२ साली या कथा इंग्रजीत आणल्या, तेव्हा अर्पणपत्रिकेतच सांगून टाकलं की तुम्हाला या ना त्या कारणानं रुचणार नाही असं बरंच काही मी गाळलंय. अशा सोवळ्या रूपांतरांतून तयार झालेलं ‘पवित्र’ चित्र घेऊन लोक आजच्या कादंबरीला झोडपतात. दुसऱ्या टोकाचे वाचक म्हणतात की ‘खऱ्या’ केल्टिक धर्मात देवता कुमारी, माता आणि वृद्धा अशी तीन रूपांत असते, ते लेखिकेला माहीतच नाही. तिघींचे गट जुन्या साहित्यात आहेत, पण कुमारी-माता-वृद्धा ही ठरीव मांडणी लोकप्रिय केली ती रॉबर्ट ग्रेव्हज या इंग्रज कवीनं, १९४८ सालच्या पुस्तकात. तेव्हा कुणी ‘मूळ’ म्हणालं की कितव्या शतकातलं मूळ, एवढं तरी विचारावं.

इथवर मी तुमच्या बाजूनं बोलले. आता दुसरा भाग.

पाठ अनेक आहेत म्हणून काहीही चालतं, असं नाही. त्या वाचकानं लिहिलेलं तुम्ही पूर्ण पाठवलंत ते बरं केलंत. त्यात ‘बाहुल्या’च्या पुढे दोन वाक्यं आहेत आणि तुम्ही त्यांच्यावरून घाईनं पुढे गेलात. एक, कादंबरीत आयर्लंडची मॉरिगन आणि वेल्सच्या कथांमधला पाताळाचा राजा एकाच दरबारात बसतात, जणू ते एकाच गावचे. दोन, आयरिश शब्द चुकीचे लिहिलेत आणि ते ‘प्राचीन, विसरली गेलेली भाषा’ म्हणून वापरलेत.

पहिल्या मुद्द्यात दम आहे. ‘केल्टिक’ ही मुळात भाषांची नातीगोती दाखवणारी चिठ्ठी. एडवर्ड लुइड या वेल्श अभ्यासकानं १७०७ मध्ये या भाषांचं साम्य मांडलं आणि तिथून ती आजच्या अर्थानं रुळली. आयरिश, स्कॉटिश गेलिक, मँक्स, वेल्श, कॉर्निश आणि ब्रेटन अशा त्या सहा भाषा. त्यातली आयरिश आणि वेल्श बोलणारी माणसं एकमेकांचं बोलणं समजू शकत नाहीत. दोन्हीकडची हस्तलिखितं वेगळी, देवता वेगळ्या, कथांचा बाजही वेगळा. दोन्ही एकत्र आणायची मुभा कादंबरीकाराला आहेच. पण आणताना कशाचं काय झालं याची जाण पानावर दिसायला हवी, नाहीतर ‘धुकं, दगडांची रिंगणं आणि कुठलीतरी देवी’ असा सरबरीत माल तयार होतो आणि त्यालाच केल्टिक म्हणून विकलं जातं. तुमच्या कादंबरीत ती जाण आहे का? हे मी सांगणार नाही, तुम्ही पुस्तक पुन्हा उघडून बघा.

दुसरा मुद्दा त्याहून जड आहे. आयरिश ही विसरली गेलेली भाषा नाही. तुमची मुलगी ती शाळेत शिकते. २०२२ च्या जनगणनेत आयर्लंडमध्ये १८ लाखांहून अधिक लोकांनी आपल्याला आयरिश येतं असं सांगितलं. पण शाळा-कॉलेजाबाहेर रोज बोलणारे निघाले फक्त ७२ हजारांच्या आसपास. एकोणिसाव्या शतकातला दुष्काळ, परदेशी गेलेली माणसं, इंग्रजीतून शिकवणाऱ्या शाळा, या सगळ्यांतून ती जेमतेम तगली. अशा भाषेचे शब्द कुणी जादूच्या मंत्रासारखे शिंपडले, तेही चुकीचे, तर बोलणाऱ्याला झोंबणारच. २०२३ मध्ये ड्रॅगनांच्या एका तुफान खपलेल्या कादंबरीतल्या स्कॉटिश गेलिक शब्दांवरून आणि लेखिकेनं मुलाखतीत केलेल्या उच्चारांवरून गेलिक बोलणारे असेच दुखावले होते. हा रुचीचा प्रश्न नाही. इथे तुमच्या ‘मला तर आवडलं’ला उत्तर म्हणून काही किंमत नाही. आवडलं असेल तरी हे मान्य करायला हवं.

आणि मान्य केल्यानं तुमचं आवडणं खोटं ठरत नाही. तुम्हाला हे परकं नाही, म्हणून एकच उदाहरण देते. ‘मृत्युंजय’ १९६७ चं. आजही चार मराठी माणसं जमली आणि कर्णाचा विषय निघाला की एकजण कादंबरीतला कर्ण घेऊन बोलतो आणि दुसरा ‘व्यासांनी असं लिहिलेलं नाही’ म्हणून तोडतो. दोघंही वाचणारे असतात. आपण त्या वादात कितीदा तरी बसलोय, आणि कादंबरी आवडली म्हणून कुणाला उठून जावं लागलेलं नाही. ज्यांना कर्ण पूर्वीपासून ठाऊक होता त्यांनाच तिच्यावर बोलायचा हक्क, असंही आपण कधी म्हटलेलं नाही.

म्हणून ‘मला काय अधिकार’ हा प्रश्न मी थोडा वळवून विचारते. तुम्हाला कशावर बोलायचंय? कादंबरी वाचून तुमचं काय झालं, यावर बोलायला कुणाच्याच परवानगीची गरज नाही. ती आयरिश परंपरेला धरून आहे की नाही यावर ठासून बोलायचं असेल तर मात्र अभ्यास लागतो, आणि तो आयरिश माणसालाही लागतो. डब्लिनमध्ये जन्मलं म्हणून टॉइन वाचून झालेली नसते. बहुतेकांना शाळेतली सेटांटाची गोष्ट तेवढी आठवते : लहान मुलगा चेंडू मारून लोहार कुलानचा कुत्रा ठार करतो आणि मग त्याच्या जागी स्वतः राखण करायचं कबूल करतो, त्यावरून कू खुलिन हे नाव. तुमच्या गटातही तसंच असेल असा माझा अंदाज आहे.

त्या ज्येष्ठ बाईंचं काय? त्यांनी ते मत पाठवलं याचा अर्थ तुम्ही ‘निवड चुकली’ असा लावलात. असेलही. पण एक शब्दही न लिहिता पाठवणाऱ्या माणसाला कधी कधी नुसतं ‘हे पाहिलंस का’ एवढंच म्हणायचं असतं. तुम्ही उत्तर दिलंच नाहीत, त्यामुळे त्याही बहुधा अवघडल्या असतील. आधी त्यांना वेगळा फोन करा. कादंबरीची बाजू मांडू नका. ‘तुम्हाला यातलं नेमकं काय लागलं?’ एवढं विचारा आणि ऐका. त्यांना भाषेचं वाईट वाटलंय की देवतांचं की केवळ परक्या लेखिकेचं, हे कळल्याशिवाय तुम्ही अंधारात चाचपडत राहाल.

पुस्तक मागे घ्यायचं का? मी घेणार नाही. मागे घेतलंत तर भांडण टळेल, पण गटाला असं वाटेल की आयरिश गोष्टींवर बाहेरून आलेल्यांनी पुस्तक सुचवूच नये. पुढच्या वेळी पोलंडहून आलेली बाई पोलंडचंच पुस्तक आणील आणि तुम्ही भारताचं, आणि सगळे आपापल्या कुंपणात बसाल. काहीच न बोलता रेटून नेणंही बरं नाही, कारण आक्षेप सगळ्यांच्या इनबॉक्समध्ये पोचला आहे. त्याच्याकडे पाठ फिरवून शृंगाराचं आणि वेगाचं बोलत बसलात तर ती बैठक नकली होईल. मधला रस्ता असा की कादंबरीच्या जोडीला टॉइनमधली थोडी पानं ठेवायची. टॉमस किन्सेला यांचा १९६९ चा इंग्रजी अनुवाद किंवा किआरन कार्सन यांचा २००७ चा, दोन्ही आयरिश कवींनी केलेले आणि वाचनालयात सहज मिळणारे. किन्सेलांनी मुख्यतः जुना पाठ धरलाय, म्हणून तुमचा मॉरिगनचा प्रसंग त्यात सापडेल. सगळं पुस्तक कुणी वाचणार नाही, वाचा म्हणूही नका. उताराचा प्रसंग आणि दुधाचा प्रसंग, एवढीच पानं.

गटाला पाठवायचा मजकूर साधा ठेवा. असं काहीसं : ‘तुम्ही पाठवलेलं मत मी वाचलं. त्यातला भाषेबद्दलचा आक्षेप मला पटतो. तरी कादंबरीतला एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. तो आणि टॉइनमधला मूळ प्रसंग शेजारी ठेवून बोलूया का? कादंबरीत लैंगिक प्रसंग उघड आहेत आणि एका ठिकाणी जबरदस्ती आहे. कुणाला ते नको असेल तर ती प्रकरणं कुठली हे मी सांगेन.’ शेवटचं वाक्य विसरू नका. गटात कोण काय सोसून आलंय हे आपल्याला ठाऊक नसतं.

तुमच्यासारखं कोड्यात पडणाऱ्या इतरांसाठी थोडं. पुस्तक संपलं की नेट उघडण्याआधी आठ-दहा ओळी लिहून ठेवाव्यात : कुठला प्रसंग लक्षात राहिला, कुठे कंटाळा आला, कुठे पटलं नाही. मग लोकांची मतं वाचावीत, आणि सुरुवात तीन ताऱ्यांच्या मतांपासून करावी. आरतीही नसते आणि शिवीगाळही, त्यामुळे मुद्दे तिथेच सापडतात. मत देणाऱ्यानं पुस्तक पुरं केलंय का हे बघावं. अनेकजण प्रामाणिकपणे सांगतात की अर्ध्यात सोडलं. प्रकाशनाआधी फुकट प्रत मिळालेल्यांचं मत असेल तर तेही लक्षात घ्यावं, वाईट हेतूनं नव्हे, पण फुकटच्या चहाला कुणी सहसा पाणचट म्हणत नाही. आणि स्वतःचं मत टाकायचं असेल तर कुणाच्या मताला उत्तर म्हणून टाकू नये. तुम्ही आयरिश वाचकाच्या मताखाली लांबलचक खुलासा लिहिलाय आणि अजून प्रसिद्ध केलेला नाही, असं म्हणता. तो पुसा. त्याला तुमच्या खुलाशाची गरज नाही. त्या उताराच्या चार ओळी मात्र वेगळ्या टाका, आणि शब्द चुकलेत हेही त्यातच लिहा.

आता मुलगी. सिनेमाला असतं तसं वयाचं प्रमाणपत्र पुस्तकांना नसतं, ‘मोठ्यांसाठी’ हा प्रकाशकाचा बाजारातला कप्पा आहे. काही मोठ्यांच्या फँटसीत चौदाव्या वर्षी वाचू नये असं काहीच नसतं, आणि किशोरांच्या कप्प्यातल्या काही पुस्तकांत बरंच असतं. म्हणून कप्पा बघून ठरवू नका, मजकूर बघून ठरवा. द स्टोरीग्राफ या पुस्तकांच्या संकेतस्थळावर वाचकांनी नोंदवलेल्या मजकुराच्या सूचना असतात, इतर पुस्तकांसाठी त्या उपयोगी पडतील. हे पुस्तक मात्र तुम्ही स्वतः वाचलंय. जबरदस्तीचा प्रसंग नायकाच्या तोंडी ‘प्रेम’ म्हणून येतो आणि कादंबरी त्याला फारसं टोकत नाही, असं तुमच्याच पत्रात आहे. एवढ्या एका कारणासाठी मी अजून दोनेक वर्षं थांबेन. शृंगारासाठी थांबले नसते. तिला कारण खरं सांगा. ‘तू लहान आहेस’ म्हणालात तर ती मैत्रिणीकडून आणून रात्री पांघरुणात वाचेल, आणि मग त्या प्रसंगावर तुमच्याशी बोलणार नाही.

तोवर तिला लेडी ग्रेगरींचं पुस्तक द्या, हक्काची मुदत संपल्यामुळे ते नेटवर फुकट मिळतं. गाळलेलं बरंच आहे हे मी वर नापसंतीनं सांगितलं, पण चौदाव्या वर्षासाठी ते गाळणं सोयीचंच आहे. भाषा जुनी वाटेल. कंटाळली तर सक्ती नको. ओकॉनेल स्ट्रीटवरच्या जनरल पोस्ट ऑफिसात कू खुलिनचा ब्राँझचा पुतळा आहे. मरताना खाली पडू नये म्हणून त्यानं स्वतःला दगडाशी बांधून घेतलंय आणि खांद्यावर कावळी बसली आहे. ऑलिव्हर शेपर्ड या शिल्पकाराचं हे काम, ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या १९१६ च्या उठावाचं स्मारक म्हणून तिथे बसवलेलं. शनिवारी बसनं जाऊन बघून या.

आणि बैठकीच्या आदल्या रात्री सगळी नावं तिच्याकडून घोटून घ्या. तिच्या शाळेतल्या आयरिशचा तुम्हाला इतका उपयोग आजवर झालेला नसेल, आणि उच्चार चुकला तर ती दया दाखवणार नाही.